कोरं रक्त

३ फेब्रुवारी

फ्रीजर उघडला की चीड येते. खण गच्च भरलेत, पण सगळं गोळ्या खाल्लेलं रक्त! पेशंट आमच्यापर्यंत पोचेतो डॉक्टरांनी औषध सुरू केलेलं असतं. मग मशीनवर दिसतं ते आजाराचं की गोळ्यांचं, देव जाणे. सर आज पुन्हा म्हणाले, कोरं रक्त आणा. औषध अंगात नसलेल्या पेशंटच्या रक्ताला आमच्या लॅबमध्ये कोरं म्हणतात. आणा म्हणे! वाण्याकडे मिळतं का?

आमवाताच्या पेशंटच्या गुडघ्यातल्या पाण्यात आम्हाला पेशींचा एक विचित्र पुंजका सापडलाय. शरीर राखायचं सोडून सांध्यावरच उलटलेल्या पेशी. तोच पुंजका ल्युपसच्या, म्हणजे शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं त्या आजाराच्या, रक्तात दिसला, तर दोन्ही आजारांचा एक धागा हाती लागेल. म्हणजे लागला तर.

संध्याकाळी माझी धाकटी बहीण बारकी आणि तिचा नवरा जेवायला आले होते. त्यांच्यापुढे हेच रडगाणं गायले. बारकीला कॉलेजपासून ल्युपस. मी या कामात पडले तीच मुळी तिच्यापायी. म्हटलं, ल्युपसचं कोरं रक्त मिळालं ना, तर सोनं गं, सोनं! ती म्हणाली, म्हणजे आमचं पितळ. सगळे हसलो. ती जरा उशिरा हसली.

५ मार्च

आज बारकी लॅबवर हजर! न कळवता. बाही वर करून खुर्चीत बसलीच. मी म्हटलं, तुझं काय करू, तू गोळ्यांवर. तर म्हणाली, "बंद आहेत सध्या."

कोणी बंद केल्या? डॉक्टरांनी? का? विचारायला हवं होतं. जिभेवर आलं होतं अगदी. पण तोवर माझ्या हाताने दंडाला पट्टा बांधलासुद्धा. गेले काही महिने तब्येत बरी होती तिची, डॉक्टरांनीच थांबवल्या असतील, असं मनात म्हटलं. आपल्या सोयीचं ते लगेच पटतं आपल्याला.

सरांना सांगितलं, माझी बहीण आहे, चालेल का. ते म्हणाले, संमतीची सही घ्या आणि नावाच्या जागी नंबर टाका, मशीनला नाती कळत नाहीत.

७ मार्च

दिसला! दिसला!!

रंग लावून पेशी एकेक करून लेझरपुढून सोडल्या आणि पडद्यावर उजवीकडे वर, बाकी ठिपक्यांपासून फटकून, तोच पुंजका. गुडघ्यातल्या पाण्यात होता तसाच्या तसा. सर धावत आले. चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे चष्मा शोधत होते. मी वेड्यासारखी हसत सुटले. किती वर्षांनी असं हसले!

घरी येऊन बारकीला फोन केला. म्हटलं, तुझ्या रक्ताने कमाल केली. ती इतकी खूश झाली की मलाच भरून आलं. पितळ नाही ना मग, म्हणाली.

गोळ्यांचं आजही विचारलं नाही. आता विचारलं आणि उत्तर वाईट निघालं तर पुंजका हातचा जाणार. हे लिहितानासुद्धा लाज वाटतेय.

११ मार्च

सर म्हणतात, एकदा दिसलं तर योगायोग म्हणतील. त्याच पेशंटची आणखी एक ट्यूब हवी.

बारकीला फोन. ती म्हणाली, कधी येऊ?

१४ मार्च

आली. दोन्ही गालांवर लाली, ल्युपस उसळला की येते तशी. मी बघितली. ऊन लागलं म्हणाली. तिला उन्हात जायची बंदी आहे, हे मला माहीत नाही का?

शीर सापडेना. मूठ वळ म्हटलं. तिने वळायचा प्रयत्न केला, बोटं अर्ध्यावरच अडली. मला म्हणते, सकाळी आखडतात जरा. दुपार झाली होती.

तिथेच थांबायचं होतं. सुई खाली ठेवायची, तिला रिक्षात घालायचं आणि थेट तिच्या डॉक्टरांकडे न्यायचं. मी काय केलं? दुसऱ्या हाताची शीर बघितली. छान मिळाली.

१५ मार्च

पुंजका आजही दिसला. पहिल्यापेक्षा मोठा.

मोठा का, ते मला ठाऊक आहे. सर टाळ्या वाजवत होते.

२२ मार्च

बारकी दवाखान्यात. तिच्या नवऱ्याचा सकाळी फोन आला. पाय सुजून चपलेत मावेनात, लघवीला फेस. मूत्रपिंडांवर गेलंय. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या? अशा एकदम थांबवून चालत नाही, जिवावर बेततं. नवरा म्हणाला, मला तर पत्ताच नाही, डबी रोज उघडायची ती. बारकी भिंतीकडे बघत राहिली.

मी तिथेच उभी होते. हातात नारळपाण्याची बाटली धरून नुसती मठ्ठासारखी उभी!

२३ मार्च

आज खोलीत आम्ही दोघीच होतो. विचारलं शेवटी.

"तू म्हणालीस ना सोनं," बारकी म्हणाली. "मग म्हटलं, देऊ ताईला."

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशीपासून बंद केल्या होत्या. सगळ्या. मी ओरडले तिच्यावर. दवाखान्यात, सलाईन लावलेल्या बहिणीवर! ती शांतपणे म्हणाली, इतकी वर्षं सगळे माझंच करताहेत. आई, तू, हा. मला एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडायचं होतं. आणि मग—

"तुला कळलं होतं ना गं? दुसऱ्या वेळी?"

हो म्हटलं. खोटं बोलवेना. वाटलं, आता तोंड फिरवेल, जा म्हणेल. तिने माझा हात ओढून उशीजवळ ठेवला आणि डोळे मिटले. त्यापेक्षा चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर येऊन तिच्या डॉक्टरांना आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले, तुम्ही तर याच विषयातल्या. नवरा खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

२४ मार्च

सरांना सांगितलं. म्हटलं, दोन्ही ट्यूब काढून टाका, शोधनिबंधात घालायच्या नाहीत. सर म्हणाले, पेशी खोट्या आहेत का? नाहीत. मी म्हटलं, पण असं मिळालेलं रक्त वापरलं, तर उद्या अजून कोणी असंच देईल. शेवटी संशोधनाच्या नीतिसमितीला कळवायचं ठरलं. मला वाटलं ओरडतील, नोकरी जाईल. त्यांनी चहा मागवला. सगळे माझ्याशी इतकं चांगलं का वागताहेत?

३० मार्च

सूज उतरतेय. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, घरात तू एवढी शिकलेली आहेस म्हणून निभावलं. आईला अजून कोणी सांगितलेलं नाही. मीही नाही सांगितलं. भित्री कुठली!

९ एप्रिल

बारकी घरी आली. गोळ्या सुरू. मूत्रपिंडं किती सावरतील ते पुढे कळेल. आईला आज सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

तरी आज रात्री झोप लागेल. व्हायचं ते होऊन गेलं, आता उरलं ते फक्त निस्तरायचं, असं वाटतंय.

१२ एप्रिल

लॅबच्या दारात एक अनोळखी बाई. शिक्षिका आहेत. गालांवर लाली, बोटं सुजलेली. म्हणाल्या, तुमची बहीण आणि आम्ही एकाच ओपीडीतल्या, तिने मार्चमध्येच आमच्या ल्युपसच्या पेशंटच्या ग्रुपवर कळवलं होतं, ताईला कसं रक्त लागतं ते. मी गोळ्या तेव्हाच बंद केल्या, सगळ्याच.

मी दार अडवून उभी राहिले. त्यांना वाटलं मी नाराज आहे.

"मी एकटीच नाही आले," त्या बाही वर करत म्हणाल्या. "बाकीच्या खाली थांबल्यात."