मापाचा कुर्ता

४ जाने., रविवार
मुक्ताने सकाळी दोन थालीपीठं खाल्ली. लोण्यासकट! मी पेपरात डोकं घालून बसले होते. डॉक्टरबाईंची ताकीद आहे: तिच्या ताटाकडे बघायचं नाही, आणि घरात कुणाच्याही अंगाबद्दल एक शब्द नाही. गेल्या वर्षी मोबाइलवरच्या त्या चकचकीत मुलींसारखं दिसायचं म्हणून ती पोळ्या लपवून टाकायची. आणि इथल्या मराठी मंडळातल्या बायका "किती छान बारीक झाली हो!" म्हणाल्या की मी फुलून यायची. सोळा वर्षांची पोर शाळेत चक्कर येऊन पडली, तेव्हा डोळे उघडले. लिहितानाही लाज वाटते.

६ जाने.
संक्रांतीनंतरच्या रविवारी हळदीकुंकू आहे, त्याला तिला चिकनकारीचा कुर्ता हवाय. स्वतः मागितला! चौकातले शिंपी, मास्टरजी, टेप लावून आकडे मोठ्याने ओरडतात, म्हणून मी शहाणपणा केला. तिला नेलंच नाही, मापाला तिचा जुना कुर्ता देऊन आले.

१३ जाने.
घोळ. नवा कुर्ता दंडातच अडकला. मी दिलेला कुर्ता आजारपणातला निघाला. रेल्वेत वीस वर्षं रुळांची मापं तपासतेय, आणि घरात हे!
मुक्ता आरशासमोर. "मम्मी, मैं मोटी हो गई ना?" ओठांवर आलेलं "नाही गं" गिळलं. म्हटलं, "चूक माझी आहे. चुकीचं माप दिलं."
जेवताना भात अर्धा ठेवून उठली. फार भीती वाटतेय.

१४ जाने., संक्रांत
गुळपोळीचा नुसता कोपरा मोडून बसली. मी सवयीने बोलून गेले, "मला नको, आधीच जाडी..."
"मम्मी! रूल!"
पकडली गेले. मुकाट्याने दोन पोळ्या खाल्ल्या, वर तूप. ती खदखदून हसली आणि आपली पोळी संपवली. मी घाईघाईने पेपर तोंडापुढे धरला. उलटा होता म्हणे.

१५ जाने.
ऑफिसातून लवकर सुटून दोघी चौकात. मास्टरजी म्हणाले, "अरे मैडम, बढ़ती बच्ची का कपड़ा है, भीतर दाब छोड़ रखा है। खोल देंगे।" शिवणीच्या आत चांगलं बोटभर कापड होतं. मग त्यांनी टेप काढली. मी मधे पडणार, तोच मुक्ता हात पसरून उभी राहिली.
"बोलिएगा मत, अंकल। बस लिख लीजिए।"
"जो हुक्म, बिटिया।" कागदावर लिहून त्यांनी घडी घातली.
निघताना तीच वळून म्हणाली, "थोड़ा दाब फिर भी रखिएगा। आगे लगेगा।"
रिक्षा शोधायच्या निमित्ताने मी तोंड फिरवलं. इतकं बरं वाटलं!

१७ जाने., शनिवार
कुर्ता आला. पिशवी तिच्या खुर्चीवर, अजून बांधलेलीच. उद्या हळदीकुंकू. घालेल, नाहीतर नाही. मी विचारलेलं नाही. खोलीतून हाक आली, "मम्मी, कल थालीपीठ बनेगा ना?"
भाजणी काढून ठेवली. लोणीही.