असली डबा, नकली झाकण

"असली डब्याला असलीच झाकण. नक्कल तू ठेव."

हे माझी ताई म्हणाली होती, बाबा गेल्यावर घरातल्या वस्तूंची वाटणी करताना. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं वकीलबाईंचं म्हणणं पडलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "लिहा. तुमचंच आहे."

तर मी, खाली सही करणारी, वय वर्षे सेहेचाळीस, अविवाहित, व्यवसाय छायाचित्रकार, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्तच आहे आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. भरीस घालायला घरात कोणी नाहीच. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणतात. सह्या मात्र त्यांनी बऱ्याच घेतल्या. ही एक माझ्या मर्जीची.

१. राहतं घर माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला द्यावं. ती समोरच्या ग्रंथालयात येते तेव्हा सायकल माझ्या खिडकीखाली लावते. वर बघत नाही. इथे कोण राहतं हे तिला कोणी सांगितलं नसावं. अट काहीही नाही. स्वयंपाकघरातला नळ मात्र जोर लावून बंद करू नये, आतली चकती जाते.

२. बँकेतली शिल्लक, दवाखान्याचं बिल भागवून जी उरेल ती, तिच्याच शिक्षणासाठी.

३. फोटो मोठे करायचा एन्लार्जर, ट्रे आणि लाल दिवा उपकरणं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांना. ते नको नको म्हणतील. त्यांच्या दुकानात ठेवून निघून यावं.

४. फिल्म धुण्याचा डबा. याविषयी सविस्तर लिहावं लागेल, कारण आम्हा बहिणींचं बोलणं त्याच्यावरूनच बंद झालं.

बाबांनी आम्हा दोघींना फिल्म धुवायला न्हाणीघरात शिकवलं. त्यांच्याकडे मूळ कंपनीचा स्टीलचा डबा होता. अंधारात फिल्म रिळावर चढवायची, रीळ डब्यात ठेवून झाकण लावायचं आणि मग दिवा लावून झाकणाच्या तोंडातून रसायन ओतायचं. झाकणातून पाणी आत जातं, उजेड जात नाही. सगळी करामत तेवढीच. एका डब्यावरून आमच्या झिंज्या उपटून झाल्यावर बाबांनी बाजारातून त्याची नक्कल आणली. दिसायला हुबेहूब, फक्त डब्यावर आणि झाकणावर कंपनीचं नाव नाही.

पुढे एकदा असली डबा बाबांच्या हातून फरशीवर पडला. त्याचा काठ किंचित पसरला आणि मूळ झाकण त्यावर पुरतं बसेना. नकलेचं झाकण जन्मापासूनच ढगळ होतं. ते त्या पसरलेल्या काठावर चपखल बसलं. मूळ झाकण नकली डब्यावर घट्ट बसलं. बाबांनी जोड्या बदलल्या, त्याचा गाजावाजा केला नाही आणि शीळ घालत कामाला लागले. आम्हीही वर्षानुवर्षं त्याच जोड्या वापरल्या. झाकणावरचं नाव वाचायची वेळ कोणावर आली नाही.

वाटणीच्या दिवशी ताईने ते वाचलं. "बघ, बाबांनी कसा घोळ घालून ठेवलाय," असं म्हणून तिने असलीला असली लावलं, नक्कल माझ्यापुढे सरकवली आणि सुरुवातीला लिहिलेलं वाक्य म्हणाली. मला ते रास्तच वाटलं. ती मोठी होती, बाबांचं शेवटचं सगळं तिनेच केलं होतं.

त्याच आठवड्यात तिने एक फिल्म धुतली. तिच्यावर आजारपणातले बाबा होते. खिडकीपाशी बसलेले, ताईने नुकतीच दाढी करून दिलेली, कानाला साबणाचा फेस राहिलेला, आणि हसत असलेले. ते हसू तिने मला फोनवर वर्णन करून सांगितलं होतं. फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी निघाली.

ती ओली फिल्म हातात घेऊन ताई माझ्या दारात आली.

"झाकण बदललंस ना? मला असली मिळू नये म्हणून?"

"ताई, तू स्वतःच्या हाताने लावलंस ना ते!"

"शेवटचे फोटो होते माझ्या बाबांचे."

"माझेही बाबा होते गं."

ताई तशीच जिना उतरून गेली. भाची तेव्हा पाळण्यात होती.

माझी पुढची फिल्मही काळवंडली, तेव्हा मी डबा मिस्त्रीकाकांकडे नेला. त्यांनी मापं घेतली आणि म्हणाले, "बाई, हे झाकण या डब्याचं नव्हेच. फटीतून उजेड शिरतो, म्हणून फिल्म काळी पडते. नाव नका बघू, माप बघा." मग मला फरशीवर पडलेला डबा आठवला. ताईला फोन केला, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आता बाबांवर ढकलतेस?" आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी नकलेतच काम करते. झाकणातून उजेड शिरतो, म्हणून फिल्म धुवून होईपर्यंत दिवा लावत नाही. स्टुलावर बसून अंधारात डबा हलवत राहते. सवयीने कधी कधी तोंडातून निघून जातं, "ताई, दिवा नको लावूस हं." मग आपलंच आपल्याला ऐकू येतं.

मिस्त्रीकाका म्हणतात, "नवीन घ्या की, कितीसा येतो!" घेते म्हणते आणि घेत नाही. नवीन आणला, तर ताईकडचं झाकण मला कधीच लागणार नाही.

हा डबा झाकणासह ताईला द्यावा. मी तिचं काही बुडवलं नव्हतं, हे तिला तिच्या हातांनी कळावं, एवढाच माझा हेतू. माफी मागायला सांगणारं कलम घालायचं माझ्या मनात होतं; ते मी खोडलं आहे.

५. वाटणीत "दोन्ही डबे भंगारात घाला, मिटलं भांडण!" असं म्हणणाऱ्या भावजींना रसायनांच्या रिकाम्या बाटल्या द्याव्यात. त्या त्यांनी स्वतः भंगारवाल्याकडे वाहून न्याव्यात. जिन्यात उजेड कमी आहे, जपून.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही म्हणे. म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना माझा हिवाळ्यातला कोट आजच देऊन टाकला आहे. "हा मला पोटावर बसायचा नाही," असं म्हणत त्या घालूनच सहीला आल्या.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: राहतं घर, न्हाणीघराशेजारची खोली
दिनांक: फेब्रुवारीतला दुसरा सोमवार
सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)
साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

सह्यांनंतर, कायद्याच्या बाहेर: वकीलबाईंनी याची एक प्रत आजच ताईकडे पोचवावी. ताई, गुरुवारच्या आत तुझा डबा आणि झाकण घेऊन ये. माझा धड एकही फोटो नाही, आम्ही कायम कॅमेऱ्याच्या मागे. तो तू काढ. मग झाकणं बदलून, दिवा लावून, आपण दोघी मिळून तो धुऊ. तू येणार नाहीस, ते मला माहीत आहे. तरी घंटी बिघडली आहे, दार वाजव.