पिंजऱ्यातला स्टिरिओ

३ नोव्हेंबर
ठरलं! बावीस तारखेला आमच्या लेकीचा, योहानिसचा पंधरावा वाढदिवस, आणि गाणी मी वाजवणार. स्वतः. माझा लॅपटॉप, वडिलांचा जुना स्टिरिओ, मधे एक वायर. झालं काम.
मेव्हणा डागोबेर्तो म्हणाला, दाजी, माझा पिको आणतो की, फुकटात. पिको म्हणजे त्याचे ते कपाटाएवढे रंगवलेले स्पीकर. वाजले की अर्ध्या बारानकिया शहराचे पत्रे थरथरतात. मी साफ नाही म्हणालो. पंधराव्या वाढदिवसाला बापाने लेकीबरोबर पहिला वॉल्ट्झ नाचायचा ही आपली रीत, कार्निव्हल नाही करायचा. पोरगी वर्षभर त्या एका नाचाची वाट बघतेय. माझ्याकडून सरावसुद्धा करून घेतलाय.

५ नोव्हेंबर
वायर जोडली. आवाज नाही. किरकोळ बाब. टाइल्सच्या दुकानात कॉम्प्युटर मीच बघतो, असल्या गोष्टी कोळून प्यायलोय.
चोरांच्या भीतीने वडिलांनी स्टिरिओ लोखंडी पिंजऱ्यात घालून पिंजरा जमिनीत पक्का करून घेतला होता. योग्यच केलं. आमच्या गल्लीत पाण्याची मोटरही पिंजऱ्यात असते. फक्त वायर खुपसायची भोकं मागे आहेत, म्हणून पिंजरा आणि भिंत यांच्यामध्ये आडवं शिरावं लागतं. पोट आत घेतलं की जमतं.
उद्यापासून रात्रीचा भात बंद.

९ नोव्हेंबर
आवाज आला! पण फक्त डावीकडून. शिवाय गाणारी बाई गायब, नुसती वाद्यं. नुबिया म्हणाली, तुला कंटाळून गेली असेल बिचारी. बायकोला यातलं काय कळतं! लॅपटॉपमधली सगळी सेटिंग्ज बदलली. आता वाद्यंही गेली.
भात खाल्ला. टेन्शनमध्ये उपाशी राहू नये.

१४ नोव्हेंबर
नवीन वायर. दोन्हीकडून आवाज, बाईही परतली. पण मागे सतत घूंऽऽ. लॅपटॉपचा चार्जर काढला की घूं बंद. म्हणजे बॅटरीवर चालवायचं. बॅटरी जेमतेम एक गाणं टिकते. वॉल्ट्झ तरी कुठे दोन आहेत? निघाला की नाही मार्ग!
डागोबेर्तो डोकावून गेला. दाजी, पिको अजून रिकामाच आहे हं, म्हणाला. बिअर पाजून वाटेला लावला.

१९ नोव्हेंबर
पिंजऱ्यामागे अडकलो. धड पुढे जाता येईना, धड मागे. नुबियाने खोबरेल तेल ओतलं, वर तोंडसुख घेतलं ते वेगळंच. योहानिस आधी खो खो हसली, मग रडायलाच लागली. पप्पा, मामाला सांगू या ना, माझा वॉल्ट्झ तरी नीट होऊ दे, म्हणाली. मी म्हणालो, बापावर भरवसा ठेव. गजांमागून हे वाक्य तितकंसं वजनदार वाटत नाही.

२२ नोव्हेंबर, दुपार
आवाज येतो, जातो. कारण सापडलं! खाऱ्या हवेने भोक आतून गंजलंय, प्लग सैल बसतो. बोटाने दाबून धरला की झकास. सोडला की ठार. चिकटपट्टी लावून पाहिली, काडीपेटीची काडी खुपसली, च्युइंगम चिकटवलं. बोटाची सर कशालाच नाही.
शेवटी नुबियाने भावाला फोन केला. त्याचा पिको सकाळीच दुसऱ्या एका पार्टीला गेला. फोनवर तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

२३ नोव्हेंबर
कार्यक्रम उत्तम झाला. बुटिफारा सॉसेज सगळ्यांना पुरले. रीतीप्रमाणे मी योहानिसच्या पायातले सपाट बूट काढून उंच टाचेचे घातले. टाळ्या पडल्या. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मग वॉल्ट्झ.
शेजारच्या उबाल्दोला प्लग धरायला सांगितलं. त्याचं पोट माझ्याही वरताण, तो शिरेचना. नुबिया तयार होती, पण तिचा फुगीर गाऊन बाहेरच अडकला. योहानिस मधोमध एकटी उभी. पाहुणे घड्याळं बघायला लागले. म्हणून मीच शिरलो.
डागोबेर्तो नाचला तिच्याबरोबर. चांगला नाचतो, मान्य करायला हवं. मला गजांतून तिच्या झग्याचा खालचा घेर दिसत होता, आणि ते नवे बूट. आवाज अगदी स्वच्छ होता. दोन्हीकडून.
गाणं संपलं तशी ती पिंजऱ्याजवळ आली, खाली वाकली. वाटलं, आता म्हणेल, पप्पा, या बाहेर.
पप्पा, बोट काढू नका हं, म्हणाली, चार्जर लावलाय, आता मैत्रिणी नाचणार आहेत.
नाही काढलं.