बहिणीच्या उशाशी बोलणाऱ्या माझ्या आवाजाबाबत

दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५
मु. पो. कळंब, ता. इंदापूर, जि. पुणे

प्रति,
मा. कक्ष अधिकारी साहेब,
डिजिटल तक्रार व आवाज पडताळणी कक्ष,
खिडकी क्रमांक ४, इंदापूर.

विषय : माझा आवाज माझाच असल्याचा दाखला मिळणेबाबत, ते होत नसल्यास परिच्छेद ९ मधील किरकोळ विनंती तरी मान्य होणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपल्या कक्षाचे उत्तर : "अर्जदार हेच अर्जदार असल्याची खात्री पटत नाही."

अर्जदार : गेणबा आबाजी खारतोडे, वय ७९, धंदा शेती (पेरू व ढोबळी मिरची).

महोदय,

१) विनंतीपूर्वक सादर करतो की, मी कळंब येथील कायमचा रहिवासी असून पंचक्रोशीत थापाड्या म्हणून परिचित आहे. साहेबांना हे इतरांकडून कळण्यापेक्षा मीच कळवलेले बरे. उजनीच्या पाण्यावर उतरलेल्या रोहित पक्ष्यांच्या पायांना चऱ्हाट बांधून मी भिगवणहून इंदापूरला उडत आलो व एसटीच्या आधी पोहोचलो, ही हकीकत माझीच. आपल्या खिडकीवरील मोना मॅडम यांनी मागील खेपेस, "आबा, ह्या वेळी एक पण थाप चालायची न्हाय, खाली सही असती," अशी तोंडी समज दिली. त्यानुसार हा अर्ज खरा लिहिला असून, जिथे हात घसरला आहे तिथे तसे नमूद केले आहे.

२) माझी थोरली बहीण द्वारकाबाई, वय ८६, राहणार वडगाव निंबाळकर, ता. बारामती, हिला मी आक्का म्हणतो. आई लवकर गेल्याने तिनेच मला वाढवले. ती जात्यावर बसली की मला शेजारी बसवून म्हणायची, "गेण्या, कायतरी सांग, न्हायतर हात थांबतोय." मी सांगायचो, ती हुंकार द्यायची. हुंकाराशिवाय गोष्ट पुढे न्यायची नाही, हा आपल्याकडचा रिवाज साहेबांना ठाऊक असेलच. ऐकणाऱ्याने 'हूं' म्हटले नाही तर सांगणारा तिथेच थांबतो. काचबिंदूने आक्काची नजर गेली त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी तिला फोनवर एक थाप सांगत आलो. तीन हुंकार चुकले की मी गप्प व्हायचो, दोनदा "आक्का, ए आक्का" म्हणायचो, आणि तरीही काही आले नाही तर तिची नातसून सोनम हिला फोन लावून सांगायचो, "आक्काला बघ." बहुतेक वेळा आक्काला डोळा लागलेला असायचा. दोन वेळा मात्र साखर उतरून ती बेशुद्ध पडलेली होती. दवाखान्याच्या कागदावर "नातेवाइकांनी वेळेत आणले" असा शेरा आहे. त्यातला एक नातेवाईक दोन एसटी बदलून जावे लागते एवढ्या अंतरावर, पेरूच्या बागेत बसलेला होता.

३) गतवर्षी फेब्रुवारीत यशराज नावाचे एक गृहस्थ कुठल्याशा कंपनीतर्फे आमच्या समाजमंदिरात आले. "आबा, आपली बोली जपायची आहे," असे त्यांनी सांगितले. बोली माझ्या तोंडात जपलेलीच होती, तरी मी तीन दिवस बसून त्यांच्या यंत्रात चौदा थापा सांगितल्या. मला एक विजेरी भेट मिळाली (अद्याप चालू आहे). शेवटी त्यांनी बावीस पानी अटी वाचायला घेतल्या. पहिले पान अर्धे व्हायच्या आत मी "मंजूर, मंजूर!" म्हणून मोकळा झालो. याचे कारण असे की, आमच्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेत विषय वाचून पूर्ण होण्याआधी मंजूर म्हणण्यात चाळीस वर्षांत मला कोणी मागे टाकलेले नाही. त्यानंतर जेवण असते. इथे जेवण नव्हते, हे उशिरा लक्षात आले.

४) सदर चौदा थापांवरून कंपनीने माझा आवाज तयार केला असून तो एका अॅपवर 'आजोबांचा आवाज' या नावाने मिळतो. मी कधीही न मारलेल्या थापा तो माझ्या आवाजात मारतो. गोष्ट संपली की, "तर मित्रांनो, यातून आपण काय शिकलो?" असे विचारतो. माझ्या कोणत्याही गोष्टीत आजवर कोणाला काही शिकायला मिळाल्याची तक्रार नाही. मध्येच तो कंबरदुखीचे तेल सुचवतो. मी हरकत घेतली असता कंपनीचे उत्तर आले की, आपली संमती आपल्याच आवाजात आमच्याकडे जतन आहे. सोबत तो 'मंजूर, मंजूर' पाठवला. आता तो मंजूर माझा नव्हे म्हणावे, तर आवाज माझा ठरत नाही. तो माझा म्हणावे, तर आवाज त्यांचा ठरतो. हे कोडे मी गावातल्या दोन वकिलांना घातले. एकाने चहा पाजला. दुसऱ्याने चहाही नाही.

५) सोनमकडे आठ गाई आहेत व दिवेलागण ही धारांची वेळ आहे. तिने सोय म्हणून हा आवाज आक्काच्या उशाशी मोठ्याने लावून दिला. यात तिचा कोणताही वाईट हेतू नाही, हे मी लेखी देतो. दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे फोन केला. आक्का म्हणाली, "कोन बोलतंय? माझा भाऊ आत्ता बोलाय लागलाय हितं." मी म्हणालो, "आक्का, मी गेण्या." ती म्हणाली, "व्हय का? फोन लावला की ती बाई रोज सांगती, वळखीच्या आवाजाला भुलू नका." सरकारने फोनवर लावलेली ही सूचना माझ्या बहिणीने तंतोतंत पाळली, याचे मला कौतुकच आहे. मग तिने खूण मागितली. "गेण्या असशील तर एक खरी गोष्ट सांग." साहेब, मी सत्तर वर्षे मागे जाऊन शोधले. तिला सांगितलेली एकही खरी गोष्ट मला सापडेना. शेवटी म्हणालो, "तुझ्या लग्नात, तू गाडीत बसलीस तवा मी रडलो." ती म्हणाली, "गेण्या रडला न्हाय. त्याच्या डोळ्यात मिरची गेलती, त्यानंच सांगितलं मला." मी म्हणालो, "ते खोटं होतं, आक्का." त्यावर ती, "माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलत न्हाय," असे म्हणाली व फोन ठेवला.

६) मग मी समक्ष गेलो. सोनमने सांगितले, "आज्जी, खरंच आबा आल्यात." आक्का म्हणाली, "तुला काय कळतंय, तू काल आलीस ह्या घरात." (सोनमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली आहेत.) आक्काने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पुढच्या दातांच्या जागी तिचे बोट आत गेले. "ह्याला तर दात न्हायत. गेण्या बघ कसा भरल्या तोंडानं बोलतोय." माझे पुढचे दोन दात यंदाच्या जानेवारीत उसाच्या फडात बिबट्याशी झालेल्या झटापटीत पडले. वरील वाक्य मागे घेतो. ते शेंगदाण्याच्या लाडूत पडले. रेकॉर्डिंग त्याआधीचे असल्याने माझ्या आवाजाला सगळे दात आहेत व मला नाहीत. आक्का मला म्हणाली, "पाव्हणं, आला हायसा तर बसा, ऐका. आमचा भाऊ चांगलं सांगतोय." मी खाली बसलो आणि माझीच गोष्ट ऐकली. मध्ये दोनदा सवयीने हुंकारही दिला.

७) आपल्या कक्षाने माझी पडताळणी केली त्याबद्दल आभारी आहे. यंत्रासमोर मला बोलायला लावले असता, मी माझ्या आवाजाशी अठ्ठावन्न टक्के जुळलो. अॅपवरचा आवाज नव्व्याण्णव टक्के जुळला. मोना मॅडम हळहळून म्हणाल्या, "आबा, मी तुमाला समोर बघतीय, पण यंत्र न्हाय म्हणतंय, मी काय करू?" दात बसवून फेरतपासणीला यावे असे त्यांनी सुचवले. त्याप्रमाणे कवळी करून आणली. कवळी लावून मी एकेचाळीस टक्के आलो.

८) आता ज्यासाठी हा चौथा अर्ज, ते लिहितो. त्या आवाजाला हुंकार लागत नाही. आक्का रिवाजाप्रमाणे हुंकार देते, तो आवाज त्यावरून तसाच पुढे जातो. आक्काने दिला काय, न दिला काय, त्याचे काही अडत नाही. सोनमला मी म्हणालो, मधूनमधून आत डोकावत जा. ती म्हणाली, "आबा, हातात धार असती. आवाज बंद पडला की मी पळत येतीच की. चालू हाय म्हंजी आज्जी ऐकतीया." साहेब, गोम इथेच आहे. तो बंद पडत नाही. एक गोष्ट संपली की आपोआप दुसरी लागते.

गेल्या गुरुवारी, दिनांक १३ रोजी, मी पाहुणा म्हणून पुन्हा जाऊन बसलो. आता मी दर गुरुवारी जातो. आक्का मला "कळंबचं पाव्हणं" म्हणते. पूर्वी एका गोष्टीत तिचे चाळीसेक हुंकार यायचे, त्या दिवशी मी अकरा मोजले. अकराव्यानंतर तीन चुकले. आवाज मजेत पुढे चाललेला. मी तिचे मनगट धरले. नाडी होती, नुसता डोळा लागला होता. ती दचकून म्हणाली, "पाव्हणं, हात का धरला?" मी म्हणालो, "हुंकार थांबला म्हणून." तिने उशाकडे कान केला. मग म्हणाली, "गेण्या बी असाच थांबायचा. आता न्हाय थांबत. कामात आसंल." तोपर्यंत उशाशी मी, यातून आपण काय शिकलो, असे विचारत होतो.

९) सबब विनंती की, दाखल्याचा आग्रह मी सोडत आहे. आपल्या पत्रात निर्णयास नव्वद कामकाजाचे दिवस लागतील असे म्हटले आहे; आक्काच्या हुंकारांच्या हिशेबाने तेवढे दिवस मला दिसत नाहीत. खरा गेणबा कोण, हे यंत्राने ठरवले आहे, कंपनीने ठरवले आहे व आक्कानेही ठरवले आहे. तिघांचे एकमत असताना मी एकट्याने वाद घालू इच्छित नाही. आवाज कंपनीकडेच राहू द्यावा. त्याने तेल विकावे, बोध सांगावा, हरकत नाही. फक्त त्याला एवढे शिकवण्याचा हुकूम व्हावा की, तीन हुंकार चुकले तर गप्प बसायचे. दोनदा "आक्का, ए आक्का" म्हणायचे आणि मग गप्पच राहायचे. गोठ्यात शांतता ऐकू गेली की सोनम पळत येईल. बाकी सगळे ते पोर बघेल.

कंपनीकडे हीच विनंती केली असता, "आपली सूचना नोंदवली आहे," असे उत्तर आले. ते माझ्याच आवाजात होते.

१०) वर लिहिलेल्यात रोहित पक्षी व बिबट्या वगळता सर्व मजकूर खरा आहे. आयुष्यात प्रथमच एवढे खरे एका जागी लिहिले असून, ज्या बहिणीला ते सांगायला हवे होते तिला सोडून ते आपल्याला सांगत आहे, याबद्दल क्षमस्व.

आपला नम्र व पडताळणी प्रलंबित असलेला,

(सही)
गेणबा आबाजी खारतोडे

सोबत :
१) आधार कार्डाची झेरॉक्स (फोटोत तोंड मिटलेले आहे).
२) दवाखान्याचे कागद, दोन्ही वेळचे.
३) पडलेले दात, नग दोन, पुडीत. काम झाल्यावर परत मिळावेत.
४) कंपनीने पाठवलेला 'मंजूर, मंजूर', सोनमच्या फोनवर.
५) आक्काचा हुंकार : जोडता आला नाही. तो घ्यायला समोर कोणीतरी थांबलेले असावे लागते.