फळ्यांचं कासव

दाकुवातू शाळा,
९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. सुवा शहरात गेल्यापासून तुमच्या गुडघ्यालाही आराम पडला असेल अशी आशा करते. मिलिकाला माझी आठवण सांगा, मुलीच्या घरी असलात तरी तिच्या हातचं खारट कालवण मुकाट्याने खात नसणार हे मी जाणून आहे. दोन वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि तुम्हीही मला लिहिली नाही, तेव्हा आपली फिट्टंफाट. पहिलं पत्र माझं म्हणजे चूकही माझी, असा अर्थ मात्र काढू नका.

बातमी अशी की मोठे सर बदलीवर गेले आणि नवे येईपर्यंत शाळा माझ्या गळ्यात आहे. जानेवारीत शिक्षण खात्याचं फर्मान आलं: प्रत्येक वर्ग मुलांच्या वयाला शोभेल असा सजवावा, बेटांवरच्या शाळांची पाहणी होईल. सजवा असं सांगणारा कागद आला, सजवायला कागद काही आला नाही. आणि आला असता तरी काय, आपल्या खाऱ्या वाऱ्यात पुठ्ठा महिनाभरात मऊ पडतो. म्हणून मी सगळं लाकडात केलं.

आपल्या तीन खोल्यांत आठ इयत्ता, म्हणजे तीन तऱ्हा हव्यात. पहिली-दुसरीच्या खोलीत मी भलंमोठं कासव केलं, पाठीच्या प्रत्येक खवल्यावर एक अक्षर. ते भिंतीवर उंच न लावता जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलं, कारण ही पोरं चित्र डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघतात. तिसरी ते पाचवीला होडी. तिच्या शिडावर पाढे, आणि वल्ही काढून हातात घेता येतात. सहावी ते आठवीच्या खोलीत मी फुलपाखरं काढायला घेतली तर मुली म्हणाल्या, "बाई, आम्ही काय दूधपिती बाळं आहोत?" मग त्यांनीच आपल्या प्रवाळाच्या रांगेचा नकाशा काढला. कुठे कोणता मासा मिळतो, कोणत्या खडकावर कोणाच्या आजोबांची होडी फुटली, सगळं त्यात आहे. गावच्या मोठ्या होडीला लावून उरलेला रंग आम्ही तीनही खोल्यांना पुरवला.

पाहणीला आलेले साहेब कासवापुढे चक्क मांडी घालून बसले. वर्तमानपत्रात फोटो आला. गावाचा मुखिया अपिसाई इतका फुगला की त्याने डुक्कर कापलं आणि भाषणात माझं नाव चार वेळा घेतलं. तुमचं एकदाही नाही. ते मला खटकलं, का ते आत्ता सांगत नाही.

सहज विचारायचं होतं. तुमची मापांची ती निळी वही मिलिकाकडे आहे का? आणि समुद्राच्या पाण्याला दाद न देणारी जाड फळी सुव्यात कुठे मिळते? घाई नाही. म्हणजे एप्रिलपर्यंत वादळाचे दिवस आहेत, तेव्हा थोडी आहे.

तुमची भाची,
अकेनेता

---

दाकुवातू शाळा,
२६ फेब्रुवारी, दुपारी दोन वाजता

प्रिय मामा,

तुम्ही खुशाल असाल. आम्ही आहोत, निदान आत्ता.

तुमचं उत्तर आलं नाही आणि आता वाट बघायची सोय नाही. रेडिओ सांगतो आहे की उद्या दुपारपर्यंत वादळ आपल्या बेटावर असेल. मोठी होडी तासाभरात मुख्य बेटाच्या खाडीत आसऱ्याला निघते आहे, तिच्या तांडेलाकडे हे देते. माझं अक्षर नीट लागत नसेल तर समजून घ्या, घाईत लिहिते आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं. ते कासव तुमच्या फळ्यांचं आहे. होडीही, नकाशाही.

शाळेच्या बारा खिडक्या, वादळात त्या झाकायला बारा फळ्या. प्रत्येक फळीवर तुम्ही लाल रंगाने खिडकीचा आकडा घातला होता आणि वरची बाजू कोणती ते बाणाने दाखवलं होतं. त्या काय आहेत हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दर नोव्हेंबरात तुम्ही त्या एकटे लावून बघायचात, काढून ठेवायचात, आणि आम्ही ओट्यावर बसून हसायचो. मीसुद्धा. अपिसाईने फळ्यांमागे उंदीर होतात म्हणून तुमच्याशी भांडण काढलं तेव्हा मी गप्प बसले. तुम्ही गेल्यावर त्या कोठीत कोणी डोकावलं नाही. मी आधी एकच कापली. मग कासवाचे पाय उरले म्हणून दुसरी. एप्रिलनंतर नव्या करून घेऊ, असं स्वतःला सांगत सात कापल्या. सहाचा आकडा रंध्याने खरवडून काढला, तो एक आकडा मला बघवेना.

काल सकाळी बातमी आली आणि अपिसाईने लाकडी नगारा वाजवून गाव गोळा केलं. म्हणाला, सगळ्यांनी शाळेत यायचं, मामांच्या फळ्या आहेत, काळजीचं कारण नाही. उंदीरवाला अपिसाई! मी तिथे उभी होते. खरं न सांगताच निघाले. सबंध दुपार मी कोठीत जाऊन उरलेल्या फळ्या मोजत होते, जणू मोजल्याने पाचाच्या सहा होतील. चोरीला गेल्या असं सांगायचं, हेही मनात येऊन गेलं. मामा, मला वादळाची भीती वाटते, पण काल त्याहून जास्त लोकांच्या तोंडाची वाटत होती. हे लिहायला लाज वाटते.

आज सकाळी लोक चटया घेऊन जागा धरायला आले. लोसालिनी आजींनी त्यांची चटई नेमकी सहाव्या खिडकीखाली अंथरली. इथे जरा हवा लागते, म्हणाल्या.

तुम्हाला नऊ वर्षं जे सांगितलं नाही ते आता सांगते. त्या वादळात सहाव्या खिडकीखाली मी बसले होते. सोळा वर्षांची घोडी, तरी वाऱ्याच्या आवाजाने रडत होते. मामी म्हणाल्या, तू इकडे ये, मी तिकडे बसते. आम्ही जागा बदलल्या आणि थोड्या वेळाने काचा आत आल्या आणि मामी गेल्या. तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं की मामी आधीपासून तिथेच बसल्या होत्या. तसं सांगू दिलं ते मी. तुम्ही त्यानंतर वर्षभर खपून बारा फळ्या केल्यात, आणि त्यातली सहावी कोणी कापली तर मी.

आजींना तिथे बसलेलं बघितलं आणि माझ्याने राहवेना. माफी मागायला यंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन सभाघरात गेले, रीतीप्रमाणे ती पुढे ठेवून मान खाली घातली आणि सांगून टाकलं. जुडीला कोणी हात लावीना. ती उचलली जाईपर्यंत माफी नाही, आणि तोवर मान वर करायची नाही. मला फक्त लोकांचे पाय दिसत होते.

"किती?" अपिसाईने विचारलं.

"सात."

"कापल्यास?"

"कापल्या."

कोणीतरी पोराला उराशी ओढलं तेवढा आवाज आला. मग लोसालिनी आजी बोलल्या. "तुझा पेपरातला फोटो मी घरात लावलाय. आता खिडकीवर तोच चिकटवू का गं?"

मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. आजी उठल्या आणि निघून गेल्या. जुडी तशीच. बऱ्याच वेळाने परत आल्या त्या दोन सुनांसह, आणि तिघींनी मिळून त्यांच्या घराचं दार उचलून आणलं होतं. दार जुडीशेजारी टाकून त्या अपिसाईला म्हणाल्या, "घर मोडलं तर उभं करू. ही पोरं कुठून आणशील? उचल ती जुडी."

अपिसाईने उचलली.

त्यानंतर कोणी माझ्याशी बोललं नाही, पण दारं आली. अपिसाईचं आलं, पाद्रींचं आलं, माझ्या खोलीचं मी काढलं. आडवी लावली की खिडकीवर बसतात. कासवाचे आणि नकाशाचे तुकडे आतून आधाराला ठोकले. पहिलीतल्या पोरींनी ते स्वतः भिंतीवरून उतरवून दिले, एकही रडली नाही, आणि त्याचंच मला रडू आलं. सातांतल्या सहा खिडक्या झाकल्या. सहा नंबरचीच राहिली. ती सगळ्यांत रुंद, कोणाचंही दार तिथे पुरेना.

गावात तेवढं रुंद एकच दार आहे, तुमच्या घराचं. मामींना लग्न करून आणलंत तेव्हा तुम्ही वेसी झाडाच्या अखंड खोडातून काढलेलं. अपिसाई म्हणाला, मी नाही हात लावणार. जाताना धक्क्यावर तुझ्या मामाने मला बजावलंय, माझ्या दाराला जो हात लावेल त्याचं तोंड मी पाहणार नाही. एकदा भांडलोय, पुन्हा नाही.

तो चुकीचं बोलला नाही. म्हणून पहार घेऊन मी एकटी गेले. कुलूप तोडलं. बिजागऱ्या काढायला फार वेळ लागला, तुमचं काम चांगलं आहे. मामींचं शिवणयंत्र आणि तुमच्या दोघांचा फोटो चर्चच्या दगडी खोलीत ठेवला आहे. बाकी काही हलवता आलं नाही. तुमचं घर आता उघडं आहे आणि उद्या वारा थेट आत शिरेल. छप्पर राहील असं अपिसाईला वाटत नाही.

दार आठ जणांनी उचललं. सहाव्या खिडकीवर ते चारही बाजूंनी पुरून उरलं. मी हात लावून बघितलं, हलत नाही. पण तेव्हाही काचा हलत नव्हत्या, म्हणून त्यावर मी विश्वास ठेवत नाही. आजींची चटई आतल्या भिंतीशी नेली आहे. त्या खिडकीखाली उद्या मी बसणार, आणि कोणी कितीही रडलं तरी जागा बदलणार नाही.

तांडेल हाका मारतो आहे. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा आमचं काय झालं ते तुम्हाला रेडिओने सांगितलेलं असेल. मला अजून माहीत नाही. मामा, मला फार भीती वाटते आहे. वाचलेच, तर माझं तोंड पाहू नका, पण ते दार न्यायला तरी या.

तुमच्या दाराला हात लावणारी,
अकेनेता