गठ्ठा सोडायचा नाही

१४ नोव्हेंबर

सौ. जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुमच्या दिरांची कंबर अजून धरलेली आहे, जीभ मात्र ठणठणीत. तुमच्या शाळेतल्या परीक्षा संपल्या असतील; पोरांचं इंग्रजी तपासून डोकं उठलं असेल.

कळवायचं म्हणजे, परवापासून मी कारखान्यात शिलाई विभागाची तपासनीस झाले. खुर्ची मिळाली आहे. पाठ असलेली.

झालं असं की नव्या शर्टांचा सूचनांचा कागद इंग्रजीत आला. आमच्या शिलाईच्या मास्तरांनी त्यातलं 'लेबल' आणि 'पॉकेट' एवढंच वाचलं आणि खिशावर लेबल शिवायला सांगितलं. मी मशीन थांबवलं. म्हटलं, "मास्तर, 'ऑन द फ्लॅप ऑफ द लेफ्ट पॉकेट' लिहिलंय. डाव्या खिशाच्या फ्लॅपवर, म्हणजे वरच्या झाकणपट्टीवर."

"आता तू मला इंग्रजी शिकवणार?"

"मी कशाला? कागदच शिकवतोय. माझं चुकलं तर उद्यापासून येत नाही."

त्यांनी कारखान्याच्या साहेबांना फोन लावला. फ्लॅपच निघाला. बाराशे शर्ट उसवायचे वाचले.

आमच्याकडे एका शर्टाचे कापलेले तुकडे एकत्र बांधून येतात. गठ्ठा मध्येच सोडला की एकाची बाही दुसऱ्याला लागते. इंग्रजी वाचताना मी आधी तेच करत होते; 'ऑन' वेगळा, 'फ्लॅप' वेगळा. आपले 'वर', 'खाली' नामामागे गुमान चालतात, इंग्रजीतले तुमच्यासारखे पुढे मिरवतात. तो पुढचा दिसला की त्याच्या नामापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढायची आणि अख्खी प्रिपोझिशनल फ्रेज एकदम उचलायची.

गेल्या वर्षी पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, "काजं करणाऱ्या बाईला व्याकरण कशाला?" सगळे हसले. मीही हसले. निघताना तुमच्या कपाटातली व्याकरणाची वही पिशवीत घातली. न विचारता. तेव्हापासून तुमच्याकडे फिरकले नाही ते रागाने, असं घरात सांगते. राग होताच, पण वही परत मागाल, ही धास्ती जास्त.

साहेबांनी सगळ्या बायकांदेखत विचारलं, "शिकवलं कुणी?"

"थोरल्या जाऊबाईंनी," म्हटलं. वहीतलं अक्षर तुमचं, म्हणजे खोटं नाही.

सोमवारपासून अकरा जणींना मी हे शिकवणार आहे. मागच्या स्टुलावर येऊन बसाल? चुकलं तर तिथल्या तिथे टोका. फक्त हसू नका.

तुमच्या नकळत तुमची विद्यार्थिनी झालेली,
धाकटी