देवमासा उभा राहिला

रविवार, १२ मे

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. चिमणीची परीक्षा पार पडली का?

आधी बातमी सांगते, नाहीतर माझं पोट फुगेल. आपला देवमासा उभा राहिला! संग्रहालयाच्या तळघरात वर्षानुवर्षं खोक्यांत पडलेली ती हाडं आता मोठ्या दालनात लोखंडी आधारांवर दिमाखात उभी आहेत. काल उद्घाटन झालं. लोक फुलपाखरं, मुखवटे सगळं सोडून त्याच्याचभोवती. फीत कापताना संचालकबाईंनी मला हाताला धरून पुढे ओढलं. अशी ताठ उभी होते म्हणून सांगू!

बाबाही आले होते. हो, आपलेच बाबा. "मेलेल्या जनावरांची हाडं उपसायला शिकवलं का तुला?" म्हणून एकेकाळी माझ्याशी अबोला धरणारे. त्यांना आणायला जरा वेळ लागला. पायऱ्या होत्या, गर्दी होती...

ताई, किती आडून आडून लिहू? बाबांना दिसत नाही गं. हिवाळ्यापासून अजिबातच नाही. डॉक्टरांनीही हात टेकले. "ताईला कळवलंस तर याद राख," अशी तंबी होती. फोनवर तुला पेपरातल्या बातम्या सांगतात ना, त्या मी वाचून दाखवलेल्या असतात. घराबाहेर पडणंच सोडलं होतं त्यांनी. काल हट्टानं नेलं.

गर्दी पांगल्यावर बाईंच्या परवानगीनं त्यांना दोरीच्या आत घेतलं. जन्मभर होड्या बांधलेले ते हात एकेका फासळीवरून फिरत राहिले.  

"उलटी ठेवलेली होडीच की ही," शेवटी म्हणाले. "सगळी तू जोडलीस?"

"मदतीला दोघं होते. पण हो, मीच."

तेवढ्यात पहारेकरी धावत आला. "आजोबा, हात लावायचा नाही!"

"माझ्या पोरीनं उभा केलाय," बाबा मान वर करून म्हणाले. "मला चालतं."

अख्ख्या दालनात ऐकू गेलं. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

आज सकाळी स्वतःहून काठी मागितली आणि शेजारच्या काकांना घेऊन पुन्हा तिकडेच गेले. देवमासा दाखवायला!

तू ये. तुलाही तेच दाखवणार आहेत, मध्ये बोलू नकोस. आणि दारातच रडायला लागू नकोस, त्यांना आवाजावरून लगेच कळतं.

बाबांचा शब्द मोडून लिहिणारी,
त्यांचीच पोर, तुझी धाकटी